'अनसुटेबल' या शब्दाचा अर्थ आणि वापर : नेमके कशासाठी अयोग्य?

दर्यापूरची वाचक

नमस्कार. आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजल खारे असलेल्या भागात येते. गावच्या वाचनालयाचे काम मी पाहते आणि इंग्रजीत आलेला कागद समजून घ्यायला लोक तिथेच येतात. या हंगामात चार घरांतले चार कागद माझ्यासमोर आले. विहिरीच्या पाण्याच्या अहवालाखाली 'अनसुटेबल फॉर इरिगेशन' असे लिहिले होते, भरतीला गेलेल्या मुलाच्या वैद्यकीय कागदावर 'अनफिट' होते, एका योजनेच्या अर्जावर 'इनएलिजिबल' होते आणि एका पालकांना आलेल्या पत्रात त्यांच्या मुलाच्या वागण्याला 'इनअप्रोप्रिएट' म्हटले होते. मराठीत या चारही ठिकाणी 'अयोग्य' हाच शब्द चटकन तोंडी येतो, आणि ऐकणाऱ्याला चारही वेळा एकच निकाल ऐकू येतो. विहिरीचा अहवाल ज्यांचा होता त्या काकांनी विचारले, "म्हणजे हिर बुजवाची का आता?"

माझा प्रश्न मुख्यतः 'अनसुटेबल' या शब्दाबद्दल आहे. इंग्रजीत तो नेमके काय सांगतो, कुठे वापरावा, कुठे वापरू नये, आणि शेतकऱ्याला तो मराठीत कसा सांगावा? त्या अहवालात ईसी १.६ आणि आरएससी ३.४ असे आकडे आहेत. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

इंग्रजी शिक्षक, मूर्तिजापूर

ताई, तुम्ही मांडलेले चारही शब्द वर्गात दरवर्षी एकमेकांत मिसळले जातात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

'सूट' या शब्दाचे मूळ 'मागोमाग जाणे, अनुसरणे' अशा अर्थाच्या लॅटिन धातूत आहे आणि तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आपल्या 'अनुरूप' या शब्दातला 'अनु' हा उपसर्गही हेच सांगतो. एक गोष्ट दुसरीला अनुसरून आहे की नाही, एवढेच 'सुटेबल' सांगते. त्यामुळे या विशेषणाला नेहमी दोन बाजू लागतात. 'अनसुटेबल' एवढाच शब्द लिहिला तर वाक्य व्याकरणाने पूर्ण वाटेल, पण अर्थाने ते अर्धेच राहते. उरलेला अर्धा भाग 'फॉर' या शब्दानंतर येतो, आणि अहवाल वाचताना नेमका तोच भाग मोठ्याने वाचला पाहिजे. 'फॉर'नंतर नाम येऊ शकते, जसे 'फॉर इरिगेशन', 'फॉर चिल्ड्रन', 'फॉर द पोस्ट', किंवा क्रियापदाचे 'इंग'रूप येऊ शकते, जसे 'फॉर ड्रिंकिंग'. जुन्या इंग्रजीत 'टू' हे शब्दयोगी अव्ययही दिसते. आज लिहिताना 'फॉर' वापरावे. उच्चार करताना जोर 'सू'वर द्यावा. आपल्याकडे 'टे' लांबवण्याची सवय आहे, मूळ उच्चारात तिथे 'टबल' इतकेच ऐकू येते.

आता बाकीचे तीन शब्द. 'अनफिट' हा शब्द वस्तूच्या किंवा व्यक्तीच्या त्या वेळच्या स्थितीबद्दल बोलतो: कुजलेले धान्य माणसाने खाण्यास अनफिट, ब्रेक निकामी झालेली गाडी रस्त्यावर आणण्यास अनफिट. दोष त्या वस्तूतच आहे, असे त्यात गृहीत असते. 'अनसुटेबल' वस्तूत दोष आहे असे म्हणत नाही. लहान मुलासाठी मोठ्यांची सायकल अनसुटेबल असते, तरी ती सायकल उत्तम स्थितीत असू शकते. 'इनएलिजिबल' हा नियमाचा शब्द आहे. प्राप्तिकर भरणाऱ्या शेतकऱ्याला पीएम-किसान योजनेचा लाभ मिळत नाही, तो तिथे 'अपात्र' ठरतो. त्याची शेती चांगली की वाईट, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. 'इनअप्रोप्रिएट' हा प्रसंग, स्थळ आणि नाते यांचा शब्द असून वागणे, बोलणे, स्पर्श, पोशाख यांच्याबाबत तो येतो. मराठीत त्याला 'अनुचित' म्हणावे. पालकांना आलेले पत्र वाचून दाखवताना हा फरक फार सांभाळावा लागेल, कारण 'तुमचा मुलगा अयोग्य आहे' आणि 'तुमच्या मुलाचे त्या दिवशीचे वागणे अनुचित होते' या दोन वाक्यांत मुलाच्या आयुष्याइतके अंतर आहे.

'अनबिकमिंग' हा पाचवा शब्दही सरकारी पत्रांत भेटेल. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मध्ये शासकीय सेवकाला न शोभणारे वर्तन करू नये असे सांगताना तोच वापरला आहे. त्याला 'अशोभनीय' हा आपला शब्द नेमका बसतो.

माती परीक्षण (निवृत्त), अकोला

शिक्षक महोदयांनी 'फॉर'बद्दल लिहिले ते आमच्या कामाच्या अगदी गाभ्याचे आहे. काकांची विहीर बुजवू नका, हे आधी सांगतो.

आरएससी म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज वजा केल्यावर उरणारा आकडा, मिलीइक्विव्हलंट प्रति लिटर या मापात. तो १.२५ पेक्षा कमी असेल तर पाणी सुरक्षित, १.२५ ते २.५ या दरम्यान असेल तर सीमेवरचे आणि २.५ च्या वर गेला की 'अनसुटेबल', अशी छापील रीत आहे. तुमचा आकडा ३.४ असल्यामुळे अहवाल लिहिणाऱ्याने कोष्टकातला शब्द उतरवला. ईसी म्हणजे पाण्याची विद्युत वाहकता; तिच्यावरून एकूण क्षारांचा अंदाज येतो. ती १.६ (डेसीसायमन प्रति मीटर) म्हणजे १९५४ च्या अमेरिकन वर्गीकरणाप्रमाणे सी-३, अर्थात क्षार जास्त असलेला वर्ग. सी-४ हा वर्ग २.२५ च्या पुढे सुरू होतो.

या पाण्याने नेमके काय होते ते शेतकऱ्याला सांगितले पाहिजे. पाण्यातला बायकार्बोनेट जमिनीतल्या कॅल्शियमला चुन्याच्या रूपात बाजूला काढतो आणि चिकणमातीच्या कणांवर त्याची जागा सोडियम घेतो. मग जमीन चोपण होते: ओली असताना पाय रुततो, वाळली की ढेकूळ फुटत नाही, आणि पावसाचे पाणी आत मुरण्याऐवजी वरच साचते. चोपण जमीन ठरवण्यासाठी विनिमयक्षम सोडियमचे, म्हणजे मातीच्या कणांना धरून राहिलेल्या सोडियमचे, १५ टक्के हे प्रमाण पुस्तकात दिलेले असते, पण ती मर्यादा अमेरिकेत ठरलेली आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत त्याहून बऱ्याच कमी सोडियमला निचरा बिघडू लागतो. म्हणून आपल्याकडे हा इशारा अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो, मात्र तो विहिरीवरचा निकाल म्हणून घेऊ नये.

तेच पाणी हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत वेगळे वागते. कपाशी क्षार बऱ्यापैकी सहन करते आणि हरभरा सहन करत नाही, त्यामुळे 'सिंचनासाठी अनसुटेबल' या शब्दांत कोणत्या पिकासाठी हा प्रश्न उरतोच. पावसाने ओढ दिली असताना कपाशीला एखादे संरक्षित पाणी देणे ही एक गोष्ट आहे आणि दर रब्बीत हरभऱ्याला तेच पाणी देत राहणे ही दुसरी. जिप्समचा उपाय आहे, शेततळ्यातल्या गोड पाण्यात मिसळून देण्याचा उपाय आहे. काकांनी मातीचाही नमुना द्यावा आणि दोन्ही कागद घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जावे. पाण्याचा अहवाल एकटा वाचू नये.

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९७६ मध्ये जमिनीच्या मूल्यमापनाची जी चौकट दिली, तिच्यात जमिनीचे एस आणि एन असे दोन गट आहेत. एस म्हणजे उपयुक्त, त्याच्या तीन पायऱ्या. एन म्हणजे अनुपयुक्त, त्याचे दोन भाग. एन-१ म्हणजे सध्या अनुपयुक्त: अडचण कालांतराने दूर होऊ शकेल, पण आजच्या ज्ञानाने आणि आज परवडेल अशा खर्चात दूर होत नाही. एन-२ म्हणजे कायम अनुपयुक्त. जमीन तीच, पण खर्च परवडू लागला तर एन-१ मधून ती वर येते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या अहवालांत ही अक्षरे दिसली तर घाबरून जाऊ नये, एनच्या पुढचा आकडा पाहावा, आणि तो शेरा कोणत्या पिकासाठी मारला आहे तेही पाहावे.

संत्रा, वरूड

सर, एन-१ आणि एन-२ चा फरक इतक्या वर्षांत आम्हाला कोणी समजावून सांगितला नव्हता. आभारी आहे.

आमच्या भागात या शब्दाला जुनी जोड आहे, आणि ती मला 'अयोग्य' किंवा 'अनुपयुक्त' यांपेक्षा जवळची वाटते. आमच्याकडची म्हातारी माणसे म्हणतात, "ह्या वावराले संत्रा मानवत नाही." मानवणे या क्रियापदात कोणाला आणि काय, या दोन्ही गोष्टी सांगाव्याच लागतात. परगावी गेलेल्या माणसाला तिथले पाणी मानवत नाही म्हटले तर पाण्याला कोणी नावे ठेवत नाही आणि माणसालाही नाही.

संत्र्याच्या बाबतीत हे किती बारकाईने पाहावे लागते ते लिहितो. जमिनीत चुनखडी १० टक्क्यांच्या वर गेली की झाडाला लोह मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. भारी जमिनीत पाणी साचले की बुंध्याला डिंक्या, म्हणजे साल कुजून डिंक वाहण्याचा रोग, लागतो. म्हणजे ही जमीन संत्र्यासाठी अनसुटेबल म्हणायची का? जंबेरीच्या खुंटावरची (खुंट म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचे कलम बांधतात ते खालचे झाड) कलम असेल तर पुष्कळदा होय, कारण जंबेरीला डिंक्या लवकर धरतो. रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलम त्याच जमिनीत अधिक तग धरते. वरची फांदी दोन्हीकडे नागपुरी संत्र्याचीच असते, फरक जमिनीखाली असतो. रोपवाटिकेतून कलम आणताना खुंट कोणता हे न विचारता मग जमिनीलाच नालायक ठरवणारे शेतकरी मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण संत्र्याची बाग उभी करण्यात माणसाची उमेदीची वर्षे जातात.

बहाराचेही तसेच आहे. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, झाडाला उन्हाळ्यात ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावे लागते. खोल काळ्या जमिनीत ओल टिकून राहत असल्याने तो ताण लवकर बसत नाही. म्हणजे झाड वाढायला जमीन चालते, आंबिया बहाराला (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याला) चालते आणि मृगाला अडचणीची ठरते. एका वावराबद्दल एकच शब्द लिहून कसे भागेल?

बांधीतला धान, साकोली

पूर्व विदर्भाची भर घालतो. आमच्याकडे जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशी नावे आहेत. या नावांत जमिनीचा रंग, पोत आणि पाणी धरण्याची रीत सांगितलेली असते, निकाल दिलेला नसतो. पाणी धरून ठेवणारी बांधी, म्हणजे बांध घातलेले शेत, धानाला हवीच असते. त्याच बांधीत खरिपात तूर पेरली तर मुळे कुजतात, म्हणून आमचा शेतकरी तूर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर लावतो. दोन जागांत अंतर काही हातांचेच आहे, पण 'फॉर' बदलला की शब्दही बदलतो, हे आमच्या धुऱ्यावर कोणालाही दिसेल.

खरेदी केंद्रावरचा माणूस, हिंगणघाट

मी धान्याच्या प्रतवारीच्या कामात आहे. इथे शब्दांच्या गोंधळामुळे भांडणे होतात, म्हणून लिहितो.

हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या खरिपातल्या सोयाबीनसाठी केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. म्हणजे १४ टक्के ओलावा असलेला जो माल एका आठवड्यात परत जात होता, तोच पुढे घेतला गेला. मालात काहीच बदलले नव्हते, नियम बदलला होता. त्यामुळे अशा मालाला 'अनसुटेबल' किंवा 'खराब' म्हणणे चुकीचे आहे. 'निकषात बसत नाही' एवढेच म्हणावे. कापसाचेही तसेच आहे. तिथे ८ ते १२ टक्के ओलावा चालतो आणि त्यावर गेला की घेत नाहीत. पहाटे वेचलेला दवाचा कापूस दोन दिवस उन्हात वाळवला की तोच निकषात बसतो. शेतकरी रात्रभर गाडी घेऊन रांगेत थांबलेला असतो. त्याला 'तुमचा माल अयोग्य आहे' असे सांगणे आणि 'ओलावा १३ आहे, १२ हवा' असे सांगणे यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यावर त्याला पुढे काय करायचे ते कळते.

खरोखर 'अनसुटेबल' म्हणावे असे सोयाबीन वेगळे असते. मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवल्याने टरफल फुटलेले दाणे तेलाच्या कारखान्याला चालतात, पण बियाण्याला चालत नाहीत. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के लागते. घरचे बियाणे पेरण्याआधी गोणपाटात किंवा ओल्या कागदात शंभर दाणे ठेवून मोजावेत. तेलासाठी सुटेबल आणि बियाण्यासाठी अनसुटेबल, असे एकाच पोत्याबद्दल सरळ म्हणता येते.

प्राध्यापक पदाची उमेदवार, वर्धा

माणसांच्या बाबतीत या शब्दाची एक बाजू अजून कोणी लिहिली नाही, आणि मला ती लिहिणे गरजेचे वाटते.

विद्यापीठांच्या भरतीत 'नन फाउंड सुटेबल' असा शेरा असतो, त्याची आद्याक्षरे एनएफएस अशी लिहितात. अर्ज छाननीत टिकलेले, म्हणजे नियमाने पात्र ठरलेले उमेदवार मुलाखतीला येतात, आणि नंतर कोणीही सुटेबल आढळले नाही म्हणून पद रिकामे ठेवले जाते. राखीव पदांवर हा शेरा वारंवार येतो, अशी तक्रार देशभर झालेली आहे. शिक्षक सरांनी पात्रतेचा आणि अनुरूपतेचा जो फरक सांगितला, तो इथे अंगावर येतो. 'इनएलिजिबल' म्हटले असते तर कोणत्या नियमाने, हे दाखवावे लागले असते. 'सुटेबल नाही' म्हटले की ते समितीचे मत ठरते, आणि 'फॉर'नंतरचा भाग लिहिलेला नसतो. कशासाठी सुटेबल नाही, शिकवण्यासाठी, संशोधनासाठी की विषयाच्या एखाद्या शाखेसाठी? जमिनीच्या अहवालात कारणाचा आकडा असतो. माणसाच्या अहवालातही कारण लेखी असावे, ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

इंग्रजी शिक्षक, मूर्तिजापूर

आपण लिहिले ते मला मान्य आहे. याच कारणाने शाळेच्या प्रगतिपुस्तकात मुलाबद्दल 'अनसुटेबल' हा शब्द वापरू नये असे मी सहकाऱ्यांना सांगतो. 'विज्ञान शाखेसाठी अनसुटेबल' असे लिहिण्याऐवजी 'गणितातील बीजगणिताचा पाया कच्चा आहे' असे लिहिले तर मुलाला काही करता येते.

दर्यापूरची वाचक

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काकांना मी कोष्टकासह सगळे समजावले असून त्यांनी मातीचा नमुना काढला आहे.

शेवटचा एक प्रश्न आहे. माझ्या माहेरी, केळापूर तालुक्यात, हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड ३.१ मिलिग्रॅम प्रति लिटर निघाले. अहवालात 'अनसुटेबल फॉर ड्रिंकिंग' असे आहे. ग्रामपंचायत तिथे फलक लावणार आहे आणि मजकूर मला लिहायला सांगितला आहे. मी असे लिहिले आहे: 'हे पाणी पिण्यासाठी अनुपयुक्त आहे. धुणी-भांडी, आंघोळ व गुरांसाठी वापरावे.' हे बरोबर आहे का?

माती परीक्षण (निवृत्त), अकोला

ताई, गुरांचा उल्लेख काढावा. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. जनावरांच्या पाण्यासाठीही २ मिलिग्रॅमची मर्यादा सांगितलेली आहे, आणि तुमचे पाणी तिच्या वर आहे. दात आणि हाडे त्यांचीही बिघडतात. 'पिण्यासाठी' म्हणताना कोणाच्या पिण्यासाठी, हे फलकावर लिहिले पाहिजे.

स्वयंपाकाचाही उल्लेख हवा, कारण डाळ-भातात तेच पाणी आटते. आणि लोक हमखास उकळून पितील, म्हणून ते वाक्य अवश्य घाला; उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते.

दर्यापूरची वाचक

बदललेला मजकूर देते. हरकत असल्यास आज संध्याकाळपर्यंत कळवावी, उद्या रंगारी येणार आहे.

'या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. माणसांनी किंवा जनावरांनी हे पाणी पिऊ नये. स्वयंपाकासाठी वापरू नये. उकळल्यानेही हे पाणी पिण्यायोग्य होत नाही. धुणी-भांडी व आंघोळीसाठी वापरता येईल.'

संत्रा, वरूड

हरकत नाही, ताई. फक्त 'पिऊ नये' हे शब्द बाकीच्यांपेक्षा मोठे आणि लाल रंगात घ्या, आणि पिण्याचे पाणी कुठे मिळेल ते खाली एका ओळीत लिहा. नाहीतर बाया-माणसांना तिथे येऊन परत जावे लागेल.